एकाच सालची तीन नाणी: एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन सोनं कसं जमवावं आणि कसं जोखावं

१८८३ सालचं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं घ्या. सान फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने त्या वर्षी अशी ११,८९,००० नाणी पाडली, नेवाडातल्या कार्सन सिटीने ५९,९६२ आणि फिलाडेल्फियाने फक्त ९२. ही ९२ सुद्धा व्यवहारासाठी नव्हती. संग्राहकांसाठी खास चकचकीत साच्यांतून काढलेली 'प्रूफ' नाणी होती. तिन्हींचं वजन एक, कस एक, चित्रही एकच. सोनाराच्या काट्यावर तिन्ही सारखीच भरतील. बाजारात मात्र पहिलं सोन्याच्या भावाच्या आसपास मिळतं, दुसऱ्यासाठी त्याच्या वर बरीच रक्कम मोजावी लागते आणि तिसरं लिलावात आलं तर तुम्ही-आम्ही फक्त बघायचं.

अमेरिकेतली जुनी सोन्याची नाणी जमवायला निघालेल्या माणसाने किंमत फोडून बघायची सवय लावून घ्यावी. धातू किती, त्या साल-टांकसाळीची नाणी किती उरली आहेत, नाणं किती झिजलंय, आणि त्याच्या पृष्ठभागाला कुणी हात लावलाय का, हे चार हिशेब वेगवेगळे मांडायचे. विकणारा ते एकत्र करून एकच आकडा सांगतो आणि घेणारा तिथेच फसतो. चौथ्या हिशेबाकडे आपल्या लोकांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून त्यावर पुढे जरा सविस्तर लिहिलं आहे.

आधी धातू

१८३७ नंतर या सगळ्या नाण्यांचा कस ९०० ठरला, म्हणजे दहा भागांत नऊ भाग सोनं. आपल्या भाषेत २१.६ कॅरेट. उरलेला एक भाग मुख्यतः तांबं, म्हणून रंग किंचित लालसर. शुद्ध सोन्याचा हिशेब असा: एक डॉलरच्या नाण्यात साधारण दीड ग्रॅम, अडीच डॉलरच्या 'क्वार्टर ईगल'मध्ये ३.७६, तीन डॉलरच्या नाण्यात ४.५१, पाच डॉलरच्या 'हाफ ईगल'मध्ये ७.५२, दहाच्या 'ईगल'मध्ये १५.०५ आणि वीसच्या 'डबल ईगल'मध्ये ३०.०९ ग्रॅम. अमेरिकेत भाव ट्रॉय औंसात सांगतात. डबल ईगलमध्ये ०.९६७५ औंस सोनं असतं. समजा भाव औंसाला ३,००० डॉलर आहे, तर डबल ईगलचा धातू झाला २,९०२ डॉलर ५० सेंट. व्यापारी ३,०५० मागत असेल तर तुम्ही धातूवर जेमतेम पाच टक्के देताय. हे उघड उघड सोनंच आहे, त्यावर जुनं साल छापलेलं आहे इतकंच. तो तुम्हाला 'दुर्मिळ' म्हणून विकत असेल तर हसून पुढच्या टेबलाकडे जा.

हा आकडा रोज बदलतो. सोनं चढलं की साध्या सालांच्या नाण्यांवरचा वरकड भाव आक्रसतो, कारण धातूच सगळी किंमत खाऊन टाकतो. खऱ्या दुर्मिळ नाण्यांचं तसं नसतं. जॉर्जियातल्या डालोनेगा टांकसाळीच्या पाच डॉलरच्या नाण्यात साडेसात ग्रॅम सोनं असतं, पण त्याची किंमत धातूच्या कित्येक पट. सोन्याच्या रोजच्या चढउताराचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. आपण नेमकं काय घेतोय, सोनं की नाणं, हे घेतानाच ठरवा.

टांकसाळीचं अक्षर वाचायला शिका

एकोणिसाव्या शतकात सहा टांकसाळींनी सोन्याची नाणी पाडली. फिलाडेल्फिया अक्षर लावत नसे. नॉर्थ कॅरोलायनातली शार्लट 'सी' लावायची आणि डालोनेगा 'डी'. या दोन्ही स्थानिक खाणींतल्या सोन्यासाठी उघडल्या, १८३८ ते १८६१ चालल्या आणि यादवी युद्धात कायमच्या बंद पडल्या. न्यू ऑर्लिन्सचं अक्षर 'ओ', सान फ्रान्सिस्कोचं १८५४ पासून 'एस', आणि १८७० ते १८९३ दरम्यान, मधली काही वर्षं वगळून, कार्सन सिटीचं 'सीसी'.

अक्षर बहुतेक वेळा मागच्या बाजूला, गरुडाखाली किंवा हाराखाली सापडतं. १८३८-३९ च्या काही नाण्यांवर ते पुढच्या बाजूला, सालाच्या वर आहे. 'डी' बघून लगेच हुरळून जायचं नाही. डेन्व्हरची टांकसाळही 'डी'च लावते, पण तिने नाणी पाडायला १९०६ मध्ये सुरुवात केली. तेव्हा १९०७ सालचं 'डी' डालोनेगाचं म्हणून कुणी दाखवलं तर त्याला एकतर माहीत नाही किंवा फार चांगलं माहीत आहे.

सालावरून आणखी एक झटपट पडताळणी करता येते. 'इन गॉड वी ट्रस्ट' हे वाक्य पाच, दहा आणि वीस डॉलरच्या नाण्यांवर १८६६ पासून आलं. १८७० सालच्या पाच डॉलरवर ते नसेल तर नाणं खोटं. १८६६ मध्ये सान फ्रान्सिस्कोने आधी जुने साचे वापरले आणि मग नवे, त्यामुळे त्या एका सालाची दोन्ही प्रकारची नाणी मिळतात. कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याला आपल्या जागेत पुरलेल्या डब्यांमध्ये १,४२७ सोन्याची नाणी सापडली, 'सॅडल रिज' म्हणून ते घबाड ओळखलं जातं. त्यात हे वाक्य नसलेलं १८६६ चं वीस डॉलरचं नाणं निघालं आणि त्याचीच चर्चा सर्वांत जास्त झाली.

किती पाडली यापेक्षा किती उरली

नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. १८२२ सालची पाच डॉलरची नाणी नोंदीप्रमाणे १७,७९६ पाडली गेली. आज माहीत आहेत तीन. त्यातली दोन स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तिसरं मार्च २०२१ मध्ये लिलावात ८४ लाख डॉलरला गेलं. बाकीची वितळली. कारण साधं होतं. अमेरिकेच्या कायद्यात सोन्या-चांदीचं प्रमाण १ ला १५ ठरलेलं होतं आणि युरोपात सोन्याला त्याहून जास्त चांदी मिळत होती. पाच डॉलरच्या नाण्यातलं सोनं पाच डॉलरपेक्षा महाग झालं, मग ते टिकणार कसं? १८३४ मध्ये वजन घटवलं तेव्हा नाणी चलनात राहू लागली. म्हणून १८३४ च्या आधीची अमेरिकन सोन्याची नाणी हे वेगळंच जग आहे. सुरुवातीला तिकडे वळू नका.

दुसरी मोठी लाट १९३३ मध्ये आली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या ५ एप्रिलच्या हुकुमाने लोकांना सोनं सरकारजमा करावं लागलं आणि लाखो नाणी वितळली. संग्राहकांच्या दुर्मिळ नाण्यांना सूट होती, पण सामान्य घरातल्या नाण्यांना कोण विचारतो? वाचली ती मुख्यतः परदेशात गेलेली. आंतरराष्ट्रीय देणी चुकवण्यासाठी डबल ईगल पोत्यांत भरून युरोपच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या बँकांत गेले होते, ते पुढे हळूहळू परत आले. आज बाजारात दिसणाऱ्या साध्या डबल ईगलवरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवतेच्या) गालावर जे बारीक खड्डे असतात ते बहुधा खिशातल्या वापराचे नसतात. पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेले असतात.

समुद्राच्या तळातूनही नाणी येतात आणि भाव बदलून जातात. 'सेंट्रल अमेरिका' हे जहाज कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन येताना सप्टेंबर १८५७ मध्ये कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर वादळात बुडालं. १९८८ पासून त्यातलं सोनं वर काढलं गेलं. १८५७ ची सान फ्रान्सिस्कोची डबल ईगलच पाच हजारांवर निघाली. त्याआधी हे साल कोऱ्या अवस्थेत मिळणं अवघड होतं. आज ते बहुतेक मोठ्या लिलावांत असतं. तेव्हा 'कोऱ्या अवस्थेत दुर्मिळ' असं ऐकलं की विचारा: माहिती कोणत्या सालची?

उलटही घडतं. १८५४ मध्ये सान फ्रान्सिस्कोने पाच डॉलरची फक्त २६८ नाणी पाडली. त्यांतलं एक २०१८ मध्ये एनजीसी या नाणी तपासून गुण देणाऱ्या संस्थेने अस्सल ठरवलं. त्याआधी ज्या व्यापाऱ्यांनी ते पाहिलं होतं त्यांना ते बनावट वाटलं होतं.

सुरुवात कशाने करावी

माझं मत स्पष्ट आहे: पाच डॉलरपासून. हे एकच मूल्य डेन्व्हर धरून सातही टांकसाळींत पाडलं गेलं, एकोणिसाव्या शतकापुरतं बोलायचं तर सहाही. प्रत्येक टांकसाळीचं एक, असा सहा नाण्यांचा संच हे चांगलं पहिलं उद्दिष्ट आहे. फिलाडेल्फिया आणि सान फ्रान्सिस्को सहज मिळतात. कार्सन सिटीसाठी १८९१ बघा. २,०८,००० पाडली गेल्यामुळे त्या टांकसाळीचं हे सर्वांत आवाक्यातलं पाच डॉलर. न्यू ऑर्लिन्सला थोडा शोध लागतो. शार्लट आणि डालोनेगा शेवटी घ्या, तोवर डोळा तयार झालेला असतो.

एक डॉलरचं नाणं स्वस्त म्हणून अनेकांना खुणावतं. १३ ते १५ मिलिमीटरचं ते नाणं इतकं इवलंसं आहे की झीज, दुरुस्ती, कडी काढल्याची खूण हे सगळं भिंगाशिवाय दिसतच नाही. तीन डॉलरचं (१८५४ ते १८८९) देखणं आहे, पण बनावटही त्यात भरपूर. दोन्ही नंतर.

अवस्था: दिव्याखाली काय बघायचं

अमेरिकेत ७० गुणांची पट्टी चालते. २० ते ३५ म्हणजे बरंच झिजलेलं पण तपशील असलेलं, ४० ते ४५ कमी झीज, ५० ते ५८ म्हणजे नुसत्या उंच भागांवर झिजेचा स्पर्श, आणि ६० पासून पुढे चलनात न फिरलेलं, कोरं.

नाणं कडेला धरा, मऊ कपड्यावर धरा आणि एकाच पिवळ्या दिव्याखाली हळूहळू तिरकं करा. कोऱ्या नाण्यावर चकाकीचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. मुकुटधारी लिबर्टीच्या नाण्यात कानावरचे केस, मुकुटाचं टोक आणि मागे गरुडाची मान ही आधी झिजणारी ठिकाणं. तिथे ती चकाकी तुटून करडा-तपकिरी ठिपका दिसला की नाणं ५८ च्या वर जात नाही, विकणारा काहीही म्हणो.

दक्षिणेतल्या टांकसाळींबाबत मात्र ही परीक्षा जपून. डालोनेगा आणि शार्लटमध्ये छाप अनेकदा कच्चा बसायचा, त्यामुळे गरुडाची मान आणि छाती कोऱ्या नाण्यावरही सपाट दिसते. छाप कच्चा आहे की झीज झालीय हे ओळखायला सपाट भागाचा पोत बघा. छापच बसला नसेल तर त्या जागी मूळ पत्र्याची खरखर आणि आजूबाजूची चकाकी शाबूत असते. झीज असेल तर जागा गुळगुळीत आणि निस्तेज, आणि शेजारच्या मोकळ्या पटलाचीही चकाकी गेलेली.

५८ आणि ६१ यांत निवड करायची झाली तर मी बहुतेक वेळा ५८ घेतो. ६१ हे कोरं पण पोत्यात ठेचलेलं नाणं असतं. ५८ थोडं फिरलेलं, पण चेहरा स्वच्छ.

पृष्ठभाग, अर्थात हात लावू नका

आपल्याकडे सोनं काळवंडलं की रिठ्याच्या पाण्यात घालायचं, ब्रशने घासायचं, पॉलिश करून आणायचं. दागिन्याला हे चालतं. नाण्याला केलंत तर किंमत हातची गेली. सव्वाशे-दीडशे वर्षांत तांब्यामुळे आलेली नारिंगी झाक, खोबणीत साठलेला मळ, हे सगळं नाणं अस्पर्श असल्याचे पुरावे असतात. घासलेल्या नाण्यावर दिवा फिरवला की एकाच दिशेने जाणारे केसांएवढे ओरखडे दिसतात आणि रंग एकसारखा, निर्जीव पिवळा असतो. ते एकदा दिसायला लागले की मग सगळीकडे दिसतात. अर्ध्या दुकानांतला माल घासलेला असतो.

दुसरी खूण दागिन्याची. पुतळ्यांची माळ आपल्याला ठाऊक आहेच. अमेरिकेतही घड्याळाच्या साखळीला, ब्रोचला सोन्याची नाणी लावण्याची मोठी फॅशन होती. कडी काढून जागा भरली असेल तर काठावर बारा वाजताच्या जागी दातऱ्या बुजलेल्या किंवा नव्याने कोरलेल्या दिसतात. म्हणून काठ सबंध फिरवून बघा. तपासणी संस्थेने सीलबंद करून दिलेल्या डबीत असं नाणं अंकाऐवजी 'डिटेल्स' या शेऱ्याने येतं, आणि त्याचा भाव बराच खाली असतो. नातेवाइकाकडून मिळालं असेल तर ठेवा, संग्रहासाठी विकत घेऊ नका.

खोटं ओळखण्याच्या पायऱ्या

०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, मिलिमीटर मोजणारं कॅलिपर आणि दहापटीचं भिंग. एवढ्यावर घरच्या घरी बरंच काही होतं.

वजन बघा: डबल ईगल ३३.४४ ग्रॅम, ईगल १६.७२, हाफ ईगल ८.३६, क्वार्टर ईगल ४.१८. झिजेने थोडं कमी भरेल, जास्त भरायला नको. व्यास: डबल ईगल ३४ मिलिमीटर, ईगल २७, हाफ ईगल २१.६. मग घनता. नाणं दोऱ्याने पाण्यात टांगून वजन किती घटतं ते बघा. हवेतलं वजन भागिले घट याचं उत्तर १७.२ च्या आसपास यायला हवं. डबल ईगलची घट साधारण १.९५ ग्रॅम. सोनाराच्या कसोटीच्या दगडावर मात्र नाणं घासू देऊ नका. कस कळेल, आणि नाण्याचं वाटोळं होईल.

हे सगळं जुळलं तरी नाणं अस्सल ठरत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात बनलेली बरीच बनावट नाणी बरोबर कसाच्या सोन्याचीच आहेत. ती भिंगाखाली पकडायची. साचा खऱ्या नाण्यावरून उतरवलेला असतो, त्यामुळे मूळ नाण्यावरचा खड्डा प्रत्येक नकलेवर त्याच जागी, पण कडा बोथट झालेला दिसतो. दोन वेगळ्या नाण्यांवर हुबेहूब तोच खड्डा म्हणजे दोन्ही खोटी. काठाजवळच्या दातऱ्यांतून आत येणारे बारीक उंचवटे आणि साबणासारखा बुळबुळीत पोत याही खुणा. १८८२ च्या तीन डॉलरच्या एका प्रसिद्ध नकलेत तर बनवणाऱ्याने स्वतःची सही ठेवली आहे: लिबर्टी शब्दातल्या 'आर'च्या पोकळीत इवलासा ग्रीक ओमेगा.

तिसरा प्रकार म्हणजे खरं नाणं, खोटं अक्षर. अक्षराच्या पायाशी भिंगातून शिवण दिसते का, आजूबाजूचा रंग वेगळा आहे का, ते बघायचं. अक्षर खरवडूनही काढतात. सुरुवातीचं १८८३ आठवा. बिनअक्षराचं, झिजलेलं १८८३ चं डबल ईगल कुणी पुढे केलं तर आधी शंका घ्या, कारण फिलाडेल्फियाची ती ९२ नाणी खिशात फिरायला पाडलेलीच नव्हती.

काही शे डॉलरच्या वरचं नाणं पीसीजीएस (१९८६ पासून) किंवा एनजीसी (१९८७ पासून) यांच्या सीलबंद डबीतच घ्या. डब्याही खोट्या निघतात, म्हणून क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवा. नुसता क्रमांक सापडला हे पुरेसं नाही. डबीवर सीएसी या आणखी एका तपासणी संस्थेचं हिरवं स्टिकर असेल तर तो नाणं त्या गुणांत भक्कम बसतं असा दुसरा अभिप्राय. त्याचे पैसे लागतात, आणि दक्षिणेतल्या नाण्यांत ते देण्यासारखे असतात.

भाव काढायचा कसा

ग्रेडिंग संस्थांची किरकोळ भावाची यादी बघा, पण तो विकणाऱ्याच्या स्वप्नातला भाव असतो. खरा भाव लिलावांच्या जुन्या नोंदींत. हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स या दोन मोठ्या लिलावगृहांच्या नोंदी ऑनलाइन बघता येतात. तेच साल, तेच अक्षर, तोच गुणांक घेऊन गेल्या दोन-तीन वर्षांतल्या विक्री काढा. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा. उरलेल्यांचे फोटो उघडून तुमच्या नाण्याशी एकेक करून ताडून बघा. एकाच गुणांकातली दोन नाणी कधीच सारखी नसतात. विक्रीच्या तारखेला सोन्याचा भाव काय होता तेही शेजारी लिहा, नाहीतर साध्या सालांची तुलना फसवी होते.

नोंदीतली किंमत बहुधा घेणाऱ्याचं शुल्क धरून असते. हे शुल्क साधारण २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १,२०० ला गेलेल्या नाण्याची बोली १,००० होती आणि विकणाऱ्याच्या हाती त्याहूनही कमी पडलं असेल. तुम्ही विकायला जाल तेव्हा हाच आकडा तुमचा, हे घेतानाच लक्षात असू द्या.

'आमच्या नोंदीत या गुणांकाची फक्त बारा नाणी' हे वाक्यही तपासून घ्या. वरचा गुणांक मिळेल या आशेने तेच नाणं डबी फोडून पुन्हा पुन्हा पाठवलं जातं, म्हणून बाराची खरी संख्या आठही असू शकते. आणि त्याच्या वरच्या गुणांकात शंभर असतील तर बाराला काही अर्थ नाही.

ठेवणं, विकणं, भारतात आणणं

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नका, हिरवट चिकट थर येतो. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना अमेरिकेत ठेवींचा विमा लागू नसतो आणि घराच्या विम्यात नाण्यांची मर्यादा फार थोडी असते. वेगळी पॉलिसी घ्या. वर्षाहून जास्त काळ ठेवून विकलेल्या नाण्यांच्या नफ्यावर अमेरिकेत संग्राह्य वस्तू म्हणून केंद्रीय कराचा कमाल दर २८ टक्के आहे, शेअरपेक्षा जास्त. म्हणून खरेदीची प्रत्येक पावती जपा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत हमखास निघणारा प्रश्न: जाताना भारतात नेऊ का? सीमाशुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, ते निघण्याआधी विचारून घ्या. खरी मेख दुसरीकडे आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनी नाणी येतात आणि खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाहीत. नाणं अमेरिकन असलं तरी एकदा आत आणल्यावर परत न्यूयॉर्कच्या लिलावाला पाठवताना अडचण येऊ शकते, आणि या नाण्यांना खरा भाव देणारा बाजार तिकडेच आहे. पुढेमागे विकायचा विचार असेल तर नाणी अमेरिकेतच ठेवा, किंवा आणण्याआधी या कायद्याच्या जाणकार वकिलाशी बोला.

आणि डब्यांसोबत एक कागद ठेवा: साल, अक्षर, गुणांक, प्रमाणपत्राचा क्रमांक, कधी, कितीला घेतलं, आणि विकायची वेळ आली तर कोणत्या लिलावगृहाशी बोलायचं. मुलांना यातलं काही माहीत नसतं. 'सोनं घेतो' अशी पाटी लावलेल्या दुकानात ती गेली तर डालोनेगाचं नाणंही साडेसात ग्रॅमच्याच भावाने जाईल.